तुरीचे तीन दिवस

त्या दुष्काळी सालात आमची ज्वारी उगवून करपली. जगली ती फक्त दीड एकर तूर. शेंगा भरायला लागल्या तशी तिच्यावरही हिरवी अळी पडली, शेंगेला भोक पाडून आत तोंड खुपसून बसलेली. बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

अळी म्हटली की एंड्रीन, हे आमच्याकडं ठरलेलं. पण मागच्या साली ते विष मारताना आमचे मालक पंपासकट बांधावर आडवे झाले होते, तोंडाला फेस येऊन. त्यांना बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं ते मी कधी विसरले नाही. म्हणून सोसायटीत नव्या औषधाच्या पुड्या आल्यात कळल्यावर मीच जाऊन दोन आणल्या. गटसचिवानं सांगितलं, यात जंतू आहेत, ते पोटात गेले की अळी आजारी पडून मरते, माणसाला काही होत नाही. फक्त उन्हात मारू नका, आणि तीन दिवस दम धरा.

दम धरणारं माणूस आमच्या घरात कुठं होतं?

अर्ध्या कोसावरून मी डोक्यावर पाणी आणलं. दिवस कलल्यावर ह्यांनी फवारलं, पण नाक मुरडूनच. म्हणाले, ह्याला उग्र वासच न्हाय. आमच्याकडं औषधाची पारख वासावर, आणि अळ्या पटापट गळण्यावर. दुसऱ्या दिवशी बघितलं तर अळ्या जागच्या जागी, वळवळतायत. त्या खात नव्हत्या, हे मी शेंगा धरून दाखवलं. पण ऐकतंय कोण!

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रोजगार हमीवर खडी फोडायला गेले, अन् मागं ह्यांनी मी प्यायला भरून ठेवलेल्या पाण्यात एंड्रीन कालवलं. संध्याकाळी परत आले तर हे बाजेवर, ओकून ओकून गळालेले, हात थरथरतायत. डॉक्टरनं येऊन सुई दिली. मला लई राग आला होता.

सकाळी रानात गेले. एंड्रीन पुरलं नव्हतं, खालच्या चार ओळी तशाच राहिल्या होत्या. तिथल्याही अळ्या काळ्या पडून, मऊ होऊन शेंगांना उलट्या लटकत होत्या. झाडून सगळ्या. मी बांधावर बसले अन् लई रडले. एक दिवस थांबला असता हा माणूस, एकच दिवस.

घरी आले तर ह्यांनी मान उचलून आधी तेच विचारलं, "मेल्या का?"

त्यांच्या तोंडाकडं बघून खरं बोलवेना. "मेल्या," मी म्हणाले. "तुमच्याच औषधानं मेल्या."

त्यांना केवढं बरं वाटलं. पुढं दर साली तूर भरायला लागली की हे एंड्रीनचा डबा घेऊन यायचे, अन् त्याला पाणी मीच वाहून द्यायचे.