पडदेवाल्याला फुटलेली वाचा

पडदे-चादरींच्या त्या दुकानदाराला बाजारात सगळे ‘कुलूप’ म्हणत. गिऱ्हाइकानं दहा गोष्टी विचाराव्यात आणि यानं फक्त मान हलवावी. धंदा बसू लागला तेव्हा सुनेनं त्याच्या फोनवर एक सॉफ्टवेअर बसवलं. दर सोमवारी ते सगळ्या नंबरांवर आपोआप जाहिरातीचा मेसेज धाडायचं. मजकूर तिचाच: ‘बरेच दिवस भेट नाही. तुमची फार आठवण येते. नक्की या. पडद्यांवर खास सूट.’

“मी असं कधी बोललोय का?” सासरे म्हणाले.

“म्हणून तर लिहावं लागलं, बाबा.”

कुलपाच्या तोंडी ही साखर बघून बाजार हसला, पण दुकानात आला. सुनेनं फोनमधले झाडून सगळे नंबर घेतले होते. त्यात सासऱ्यांचा थोरला भाऊही होता. आईची शिलाई मशीन त्यानं परस्पर भंगारात काढली, तेव्हापासून दोघांत कित्येक वर्षं अबोला होता.

मंगळवारी थोरला दुकानाच्या दारात उभा.

“आठवण येते म्हणालास. आलो.”

खरं सांगावं, तर हा आल्या पावली परत जाणार. कुलपानं सवयीप्रमाणे मान हलवली आणि स्टूल पुढं सरकवलं. जाताना भावानं एक पडदा घेतला.

मग दर सोमवारी मेसेज आणि मंगळवारी भाऊ. त्याच्या घरात खिडक्यांपेक्षा पडदे जास्त झाले.

पुढं मेसेजना कंटाळून लोकांनी तक्रारी केल्या आणि नंबरच बंद पडला. त्या मंगळवारी कुलूप सारखा दाराकडे बघत होता. भाऊ आला नाही. संध्याकाळी कुलूप सुनेला म्हणाला, “तुझ्या फोनवरून दादाला मेसेज कर.”

“काय लिहू?”

“लिही, ये.”

“एवढंच?”

“दादा, ये.”

दुसऱ्या दिवशी भाऊ हजर. कुलपानं एका दमात सांगून टाकलं, “आधीचे मेसेज मी पाठवले नव्हते. सॉफ्टवेअर पाठवत होतं.”

“ठाऊक आहे. माझ्या शेजाऱ्यालाही तेच यायचे.”

“मग आलास कशाला?”

“तू स्वतःहून बोलावेपर्यंत थांबलो असतो, तर मला चौघांच्या खांद्यावरूनच आणावं लागलं असतं.”

कुलूप म्हणाला, “आईची मशीन कुणाला विचारून विकलीस?”

दोघं जे जुंपले, ते दुकान बंद होईपर्यंत. दारात बिचकलेल्या गिऱ्हाइकांना सून सांगत होती, “या ना आत. घरचंच भांडण आहे.”