साडूभाऊंचं चुंबक

जगातली निम्मी भांडणं वायरिंग चुकल्यामुळे होतात आणि उरलेली अर्थिंग नसल्यामुळे, असं ठामपणे मानणारा माणूस माझ्या पाहण्यात एकच आहे. तो माझा साडू आहे. बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान मूळचे चांदवडकडचे, कांद्याच्या वावरात वाढलेले. तरुणपणी सातपूरला आले आणि एका पत्र्याच्या शेडमध्ये पस्तीस वर्षं शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटरी भरत बसले, म्हणजे आतली काळी पडलेली तार उपसायची आणि नवी तांब्याची तार गुंडाळायची. आता इंदिरानगरात निवांत राहतात, पण ते शेडमधून निवृत्त झाले, मोटरी काही डोक्यातून निवृत्त झाल्या नाहीत. मी शाळेत मराठी शिकवतो. दहावीला मी विज्ञानात काठावर पास झालो होतो, ही बातमी बायकोने लग्नानंतर आठवड्याच्या आत बहिणीच्या कानावर घातली आणि तेव्हापासून माझं उरलेलं शिक्षण साडूभाऊंनी अंगावर घेतलं.

ओहमचा नियम मला बेचाळिसाव्या वर्षी कळला, तोही पाथर्डी फाट्याजवळच्या एका मंगल कार्यालयात, हातात रिकामं ताट घेऊन. रांग हलत नव्हती. साडूभाऊ माझ्या कानाशी लागले. “मास्तर, हे मागून ढकलतेत ना, ते व्होल्टेज. रांग सरकती, तो करंट. आन् गुलाबजामपाशी ती बाई गप्पा हाणत उभी हाय ना, तो रेझिस्टन्स.” कुजबुजणं त्यांना जमत नाही, त्यामुळे रेझिस्टन्सने मागे वळून पाहिलं. ती नवरदेवाची आत्या निघाली. पण साडूभाऊंचं तिकडे लक्ष होतं कुठे? त्यांनी भिंतीला टेकवलेलं दुसरं टेबल ओढलं, निम्मी पातेली त्यावर मांडली, आचाऱ्याच्या माणसाच्या हातात डाव दिला आणि म्हणाले, “पॅरलल केलं. आता बघा.” रांग खरोखरच झपाझप सरकली. आत्याबाई मात्र त्यानंतर दोन बारशांना आमच्याशी बोलल्या नाहीत.

त्यांच्या शर्टाच्या डाव्या खिशात कायम एक चुंबक असायचं. नालाच्या आकाराचं, भंगारातल्या जुन्या मीटरमधून काढलेलं, वापरून गुळगुळीत झालेलं. ते त्यांनी कशाकशाला लावून पाहिलं नाही? भांड्यांच्या दुकानातल्या प्रत्येक पातेल्याला, देवळाच्या घंटेला, माझ्या नव्या चष्म्याच्या दांडीलासुद्धा. नदीवर, आमच्याकडे तिला गंगाच म्हणतात, दोरीला चुंबक बांधून पाण्यातली नाणी काढणारा एक माणूस त्यांना दिसला, तर पाऊण तास त्याच्या डोक्याशी उभं राहून कुठलं नाणं चुंबकाला येतं आणि कुठलं येत नाही ते त्यांनी समजावलं. शेवटी तो म्हणाला, “बाबा, जरा सरका, उजेड अडतोय.” आमच्या लग्नात तर त्यांनी रुखवताच्या डब्यांना भरमांडवात चुंबक लावलं आणि ते चिकटल्यावर जाहीर केलं, “हलकं स्टील हाय.” डबे सासऱ्यांनी आणले होते आणि सासरे त्यांचेही तेच, हे त्यांना घरी गेल्यावर ताईंनी सांगितलं, बरंच सविस्तर.

रोज घरी आलं की चुंबक खिशातून काढायचं, त्याच्या दोन्ही टोकांवर बोटभर लोखंडी पट्टी आडवी लावायची आणि मगच ते देवघराशेजारच्या फळीवर ठेवायचं, हा त्यांचा नेम. “मोकळं ठिवलं ना मास्तर, का जोर जातो त्याचा. त्याला कुणीतरी लागतंच.” एवढी हळवी गोष्ट ते भिजवलेल्या डाळीबद्दल बोलावं तशी बोलायचे. एकदा मला लाट समजावी म्हणून त्यांनी गच्चीवरची कपड्यांची दोरी एका टोकाने झटकली. लाट पार पलीकडे गेली. “दिसलं? लाट गेली, दोरी जाग्यावरच.” एवढ्यात ताईंचे दोन परकर खाली शेजाऱ्यांच्या तुळशीवर पडले. “दोरी जाग्यावर राहिली, मग परकर कुठं निघाले?” ताईंनी विचारलं. दोन दिवस विचार करून त्यांनी उत्तर दिलं, “चिमटे नव्हते.”

असा हा माणूस गेल्या वर्षी दोनदा चक्कर येऊन पडला. एकदा मोरीच्या दाराशी, एकदा भाजी घेताना. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचे ठोके मधूनच गळतात, पेसमेकर बसवावा लागेल, आणि उशीर करू नका. मग डॉक्टरांचं लक्ष साडूभाऊंच्या खिशाकडे गेलं. “आणि हे चुंबक यापुढे छातीजवळ ठेवायचं नाही.” साडूभाऊ उठले, चपला घातल्या आणि घरी आले. “नाय बसवायचा,” एवढंच म्हणाले. पंधरा दिवस झाले तरी तेच. चुंबक रोज खिशात, जरा ठसक्यातच. ताईंनी मला फोन केला. “तुम्ही या. तुमचं ऐकतील.” त्यांनी माझं आजवर एकदाही ऐकलं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. फोनवर ताई रडत होत्या आणि मीही घाबरलो होतो. हा माणूस मला हवा होता.

रविवारी गेलो. जाताना आठवीचं विज्ञानाचं पुस्तक चाळून गेलो आणि त्यांच्यासमोर बसून बोलायला लागलो, की पेसमेकर म्हणजे साधी गोष्ट, छातीत एक डबी असते, ती हृदयाला दर ठोक्याला दोनशे तीस व्होल्टचा हलकासा झटका देते. साडूभाऊ खुर्चीत पुढे सरकले.

“दोनशे तीस? मास्तर, मला मारायला आलात का बरं करायला?”

पुढे मला एक शब्दही बोलावा लागला नाही. त्यांनी विजेचं बिल उलटं केलं आणि त्यावर पेन्सिलीने हृदय काढलं. ते बरंचसं विहिरीत सोडतात त्या पाणबुडी मोटरीसारखं दिसत होतं. मग वायर काढली, बॅटरी काढली, “दोन-तीन व्होल्ट, बास” असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. मग कपाटातून स्वतःचा हृदयाचा आलेख आणला. “ह्या लाटा बघा. एक, दोन, आन् इथं यायला पायजे होती, ती आलीच नाय. म्हंजे पंप चांगला हाय. भरायला आलेला नाय. नुस्ता स्टार्टर गेलाय.”

आणि ते थांबले. पस्तीस वर्षं ट्रॅक्टरवर मोटर लादून आलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला त्यांनी आधी हेच विचारलं होतं, की मोटर कशाला उचलून आणली, स्टार्टर बघितला का? स्वयंपाकघराच्या दारात ताई उभ्या होत्या. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “मग स्टार्टर तर लोक बदलतातच की.”

मी मुद्दाम चुकलो, असं आमच्याकडे सगळे समजतात आणि माझ्या हुशारीचं कौतुक करतात. खरं सांगायचं तर मला खरोखरच दोनशे तीस वाटत होते.

साडूभाऊंनी बिलाची घडी घातली. मग त्यांनी खिशातून चुंबक काढलं, फळीवरची पट्टी आणली, ती जागेवर लावली आणि ते माझ्या हातात दिलं. “तुमच्याकडं राहू द्या. इथं असलं का माझा हात जायचा.” पुढच्या गुरुवारी ते दवाखान्यात दाखल झाले.

आता ते ठणठणीत आहेत. भांड्यांच्या दुकानात गेले की हात अजून डाव्या खिशाकडे जातो, खिसा चाचपतो आणि गुमान खाली येतो. ते पाहिलं की मला वाईट वाटतं. दर रविवारी त्यांचा फोन येतो. तब्येतीचं मी विचारतो, चुंबकाचं ते विचारतात. मागच्या रविवारी त्यांनी विचारलं, “पट्टी लावल्याली हाय ना?” मी हो म्हणालो, आणि समोर टेबलावर पाहिलं तर मुलांच्या वह्या तपासताना टाचण्या उचलायला मी ते घेतलं होतं, दोन दिवस तसंच मोकळं पडलं होतं. फोन कानाशी धरूनच मी हळूच पट्टी जवळ नेली. ती शेवटच्या बोटभर अंतरात माझ्या हातातून सुटली आणि टक् करून बसली.

“आत्ता लावली, मास्तर,” साडूभाऊ पलीकडून म्हणाले.

  त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघांनीही फोन ठेवला नाही.