न सोडलेलं गाठोडं

आमच्या घरात दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण तोडत नाहीत. लटकता ठेवतात, म्हणजे तेवढासा तुकडा गटारात जात नाही. रिकामी पिशवी धुऊन ओट्यामागच्या टाइलवर चिकटवायची. वाळली की ती आपणच गळून पडते, मग भंगारवाल्यासाठी बाजूला. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला. या सवयी मला दिवा स्टेशनजवळच्या चाळीने लावल्या. तिथे भाड्याने राहायचो तेव्हा हंडाभर पाण्याने तीन कामं केल्याशिवाय त्याला मोरीत जाऊ द्यायचं नाही असा नियम होता, कारण पुढचा हंडा कधी मिळेल हे कोणालाच माहीत नसायचं.

पुढे परकर शिवून शिवून मी वागळे इस्टेटमध्ये चार मशिनींचा गाळा घेतला आणि कळव्यात फ्लॅट घेतला. सवयी मात्र तशाच राहिल्या. घरात त्यांना चिकटपणा म्हणायचे. हे नाव माझ्या मुलीने ठेवलं होतं. शाळेत असताना ती मैत्रिणींना घरी आणायची नाही, का तर टाइलवर पिशव्या दिसतात. मी हे विसरलेले नाही.

तीच मुलगी सातव्या महिन्यात बाळंतपणाला आली आणि दुसऱ्या दिवशी मला फोन दाखवायला लागली.

"आई, दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापायचा नाही. माहितीय का तुला?"

"कोण सांगतं?"

"एक मुलगी आहे. खूप फॉलोअर्स आहेत तिला. पर्यावरणासाठी असतं गं हे."

"तिच्या घरी मैत्रिणी येतात का?"

तिला कळलं नाही. मला भांडायचं होतं, पण डॉक्टरांनी तिला त्रास देऊ नका असं सांगितलं होतं.

त्याच आठवड्यात आमची बोहारीण आली. जुने कपडे घेऊन भांडी देणाऱ्या बायका आता कमी झाल्यात. ही मात्र वीसएक वर्षं येते आणि वीसएक वर्षं आमचं भांडण चालू आहे. तिच्या टोपलीत झाकणाचं मोठं पातेलं होतं. मी तीन पँटी आणि एक चादर काढली. तिने पँटींचे गुडघे उजेडात धरून पाहिले.

"ताई, याच्यात चमचा येईल."

"चमचा तुझ्याकडेच ठेव. पातेलं बोल."

तास गेला. शेवटी मी माळ्यावरच्या दोन गाठोड्यांतलं एक काढलं आणि दारात ठेवलं. माझ्या हिशेबाने आत माझ्या नायलॉनच्या जुन्या साड्या होत्या. गाठोडं सोडलं असतं तर तिने एकेक साडी उचलून नाक मुरडलं असतं. म्हणून मी ते सोडूच दिलं नाही.

"उघडायचं नाही. आत सगळं सुती आहे, मऊ, अजून दहा वर्षं जाईल असं. घ्यायचं तर असंच घे, नाहीतर चाल."

तिने गाठोड्याचं वजन पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पातेलं दिलं. दुपारभर मी खुशीत होते.

संध्याकाळी मुलगी म्हणाली, "आजीच्या नऊवाऱ्या काढ ना. बाळाला मला ते विकतचे डायपर नकोत. लंगोट, दुपटी, सगळं आजीच्या साड्यांचं करू."

माझ्या आईने पाच सुती नऊवाऱ्या नेसून नेसून मऊ केल्या आणि स्वतःच्या हाताने बांधून ठेवल्या होत्या, नातीच्या बाळंतपणासाठी. पुढे ती गेली. मुलीला आजीची आठवण म्हणून दुसरं काही नको होतं. मी माळ्यावर चढले. तिथे राहिलेलं गाठोडं सोडलं. आत नायलॉन होतं.

"उद्या काढते," मी खालून दिसणार नाही असं तोंड वळवून म्हटलं. "धुवायला लागतील."

सकाळी मी दिव्याला गेले. बोहारीण तिथेच राहते हे ठाऊक होतं, घर विचारत विचारत सापडलं. मोठ्या पिशवीत वर नायलॉनच्या साड्या होत्या आणि तळाशी पातेलं. पातेलं शेवटपर्यंत काढायचं नाही असं ठरवून गेले होते. गरज दाखवली की भाव गेला, यावर माझं अख्खं आयुष्य उभं आहे.

ती उंबऱ्यात बसून जुन्या कपड्यांची बटणं काढत होती.

"कालचं गाठोडं बदलून घेते," मी म्हटलं. "हे जास्त टिकाऊ आहे."

"कालचं सुती होतं, ताई. मऊ. दहा वर्षं जाईल म्हणालात. मला वाटलं थापा मारताय, पण खरंच निघालं."

"चार भोकं आहेत त्यात."

"मग कशाला पायजे?"

मी पिशवी उचलली आणि निघाले. अशा वेळी दहा पावलांच्या आत मागून हाक येते. मी पंधरा चालले. मग गल्ली संपली. वळून पाहिलं तर ती बटणंच काढत होती.

मी परत गेले. सौद्यातून उठून परत जायची माझी ही पहिली वेळ.

"मुलगी बाळंतपणाला आलीय," मी म्हटलं. "माझ्या आईच्या साड्या आहेत त्या."

"हे आधी बोलायचं ना," ती म्हणाली. "पिशवीत खाली पातेलं आणलंय ना?"

तिने पातेलं घेतलं, झाकण घेतलं, नायलॉनही घेतलं. मग आतून चार नऊवाऱ्या आणून दिल्या.

"पाच होत्या," मी आवाज चढवला.

तिने आत बोट दाखवलं. पाचवी साडी पत्र्याखालच्या वाशाला बांधलेली होती आणि त्या झोळीत बोहारणीची नात झोपली होती. "काल लावली. पहिल्यांदा सलग झोपली. उठवू का?"

मी गाठ पाहिली. गाठ चांगली मारलेली होती. "राहू दे," म्हटलं आणि चार घेऊन आले.

मुलीने साड्या मोजल्या. "पाच होत्या ना गं?"

"एक सौद्यात गेली."

"तुझ्या सौद्यात? कोणी फसवलं तुला?"

"मीच."

ती इतकी हसली की तिला पोट धरून बसावं लागलं. मग डोळे पुसून तिने फोन उघडला आणि कापड आधी उकळत्या पाण्यातून काढायचं, उन्हात वाळवायचं, हे मला नीट समजावून सांगितलं. मी ऐकून घेतलं. साड्या वाळल्यावर तिने कात्री घेतली आणि रेघ मारून कापायला लागली. रेघ वाकडी जात होती. मी कात्री काढून घेतली, काठाला दोन बोटं चीर दिली आणि हाताने ओढलं. सुती कापड असं सरळ फाटतं. हे तिच्या फोनमध्ये नव्हतं.