मोटारघरातल्या खिळ्यावरची कार्डं

आबा, माझे वडील, आमच्या गावच्या पाणीपुरवठा संस्थेचे पाटकरी होते आणि त्यांची नोकरी मी घालवली. लोक म्हणतात चेअरमननं घालवली. चेअरमन नुसते बोलले; त्यांच्या हातात दांडकं मी दिलं. हे सरळच लिहितो. वळसे घालून लिहायला मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही.

आमचं गाव कृष्णेकाठी, सातारा जिल्हा संपून सांगली लागते त्या पट्ट्यात. नदीतून पाणी उचलायचं, टेकावरच्या हौदात टाकायचं आणि तिथून चौदा व्हॉल्व्हनी उसाला सोडायचं, एवढा संस्थेचा कारभार. कुणाची पाळी कधी ते ठरलेलं, आणि त्या पाळीला व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस म्हणजे पाटकरी. आबांच्या टाचांच्या भेगांत बारमाही चिखल असायचा. त्या चिखलावरच मी सांगलीला इंजिनिअर झालो. आमच्या घराण्यात माझ्याआधी दहावीपुढं कुणी गेलं नव्हतं, आणि हे मी कुणाला विसरू दिलं नाही.

शिरवळला ज्या कंपनीत लागलो ती मोबाइलवर चालणारे स्टार्टर आणि व्हॉल्व्ह बनवायची. आमच्या संस्थेनं तसले व्हॉल्व्ह आधीच बसवले होते, दुसऱ्या कुणाचे, स्वस्तातले. पेटीत सिमकार्ड, त्या नंबरवर मेसेज गेला की व्हॉल्व्ह उघडायचा. नंबर अख्ख्या गावाला पाठ. कोण कुठं बसून दुसऱ्याचं पाणी आपल्या रानात वळवायचा त्याचा पत्ता लागत नव्हता, कारण पेटीतला मेसेज पुसला की झालं. पाणी कुणीही चोरायचं आणि शिव्या आबांनी खायच्या.

मी संस्थेच्या मीटिंगमध्ये उभा राहिलो आणि ब्लॉकचेन समजावली. म्हणालो, "पाळीची यादी एकाच्या खिशात असली तर तो खाडाखोड करणार. तीच यादी चौदा घरांच्या भिंतींवर लिहिली आणि प्रत्येक ओळीत वरच्या ओळीची खूण गुंफली, तर एक ओळ बदलायला चौदाही भिंती नव्यानं रंगवाव्या लागतील. हे तसंच. चौदा पेट्या, प्रत्येकीत सगळी वही. प्रत्येक सभासदाला एक कार्ड, त्यात त्याची गुप्त किल्ली. कार्ड लावल्याशिवाय व्हॉल्व्ह हलणार नाही, आणि हलला की चौदा ठिकाणी नोंद. ब्रह्मदेव आला तरी ती पुसता येणार नाही."

"ब्रह्मदेवाचं र्‍हाऊ द्या," चेअरमन म्हणाले, "आमच्या गावची माणसं आली तर?"

सगळे हसले. मी हसलो नाही. माझ्या कामाची चेष्टा मला खपत नाही.

गावात एक रीत आहे. आपल्या उसाला गरज नसली तर माणूस आपली पाळी दुसऱ्याला देतो. सगळं तोंडी. ती रीतही मी यंत्रात घातली: ज्याची पाळी, त्याच्या कार्डानं दुसऱ्याचाही व्हॉल्व्ह उघडेल. शहरातल्या इंजिनिअरला हे सुचलं नसतं, असं मी कंपनीत चारचौघांत सांगायचो.

दुसरी एक रीत मला तितकीच ठाऊक होती. व्हॉल्व्हच्या चाव्या पहिल्यापासून पाटकऱ्याकडं असायच्या. आमच्या कंपनीच्या पेट्या बसल्या, कार्डं वाटली आणि आठवड्याच्या आत सगळी आबांकडं आली. मोटारघरात, पंपाशेजारच्या खिळ्याला, सुतळीत ओवून टांगलेली. कार्ड घरी ठेवणं म्हणजे पाटकऱ्याला तोंडावर चोर म्हणणं, असं गावाचं गणित.

"आबा, ही कार्डं ज्याची त्याला देऊन टाका."

"कशी देऊ? माघारी दिली तर म्हणतील, पाटकऱ्याला काम नगं झालंय."

"आवं, यात त्यांची सही आहे. सही केलेला कोरा कागद कुणी खिळ्याला लावतं का?"

"मी काय कुणाचं रान लिवून घेणार हाय का रं?"

"तुम्हाला न्हाई कळायचं. तुमचा जन्म गेला चिखलात."

मी शिरवळला निघून आलो. संस्थेत एक फोन केला असता तर कार्डं घरोघर गेली असती. केला नाही. सगळं सुरळीत चाललं होतं, आमच्या मोटारघराचा फोटो कंपनीच्या पत्रकावर छापला होता, आणि त्यात दोष आहे हे सांगणारा मीच पहिला कशाला होऊ?

उन्हाळ्यात नदीतला उपसा बंद व्हायच्या आधीची शेवटची फेरी होती. गावातल्या तिघा भावांच्या पाळ्या एकामागून एक तीन दिवस होत्या. त्यांची आई मिरजेच्या दवाखान्यात, तिघंही तिथंच. परत आले तर त्यांच्या खोडव्याच्या उसाच्या पानांच्या वाळून सुरळ्या झालेल्या आणि पलीकडं चेअरमनची नवी उसाची लागण हिरवीगार.

त्यावर मीटिंग बसली ती नेमकी आमची यंत्रणा बघायला आजूबाजूच्या संस्थांचे चेअरमन आले होते त्याच दिवशी. कंपनीचे साहेबही आले होते. त्यांना वाटलं, तक्रार आली हे बरंच झालं, यंत्र काय करतं ते लोकांना दिसेल. मी प्रोजेक्टरनं भिंतीवर वही दाखवली. तीन दिवस, तीन ओळी. कार्ड भावांचं, व्हॉल्व्ह चेअरमनचा, वेळ भर दुपारची.

थोरला भाऊ म्हणाला, "आमी तवा मिरजेत हुतो. कार्डं खिळ्याला."

सगळ्या माना आबांकडं वळल्या. ते दारात, चपलांजवळ उभे होते.

"चेअरमन आलं हुतं मोटारघरात," आबा म्हणाले. "म्हणलं, भावांशी बोलणं झालंय, पाळी मला दिलीया त्यांनी. म्हणून मी कार्ड लावलं."

चेअरमन चिडले नाहीत. त्यांनी सावकाश माझ्याकडं तोंड केलं. "मी गेलो हुतो व्हय? बरं. इंजिनिअर, तुमच्या वहीत बघा की जरा. माझं कार्ड कुठं लागलंय का?"

"नाही."

"आणि वही चुकती का कवा?"

खरं उत्तर दोन वाक्यांचं होतं. वही चुकत नाही. पण वहीला कार्ड कळतं, ते लावणारा हात कळत नाही, आणि लाव म्हणणारं तोंड तर नाहीच नाही. दोन्ही वाक्यं माझ्या जिभेवर होती. साहेब माझ्याकडं बघत होते, पाहुणे चेअरमन पुढं सरकून बसले होते.

"नाही," मी म्हणालो. "वही चुकत नाही."

"ऐकलंत का पाटकरी? मी न्हाई, तुमच्याच लेकानं सांगितलं. आता लेक खोटा का बाप खोटा, एवढं तुमीच सांगा."

मागून कुणीतरी बोललं, "लेक शिकल्याला हाय गड्या." खोलीभर हशा झाला.

आबांनी माझ्याकडं बघितलं. "लेक खोटं बोलत न्हाई," म्हणाले. कमरेची मोटारघराची चावी सोडून टेबलावर ठेवली आणि चपला घालून गेले.

त्याच दुपारी दोन संस्थांनी आमची यंत्रणा घ्यायची ठरवली. परत जाताना गाडीत साहेब म्हणाले, "बापाचीसुद्धा गय केली नाहीस." पुढं कुठंही यंत्र दाखवायला गेले की ते ही गोष्ट आवर्जून सांगायचे. मी शेजारी उभा असायचो.

आबा आता दुसऱ्यांच्या रानात बायकांच्या जोडीनं खुरपं घेऊन भांगलायला जातात. बायका त्यांना पाटकरीच म्हणतात, पदराआड हसून. त्यांनी मला एकदाच विचारलं होतं, "ते पुसता येतं का रं?" मी म्हणालो, "न्हाई येत." खोटं नव्हतं.

नवा पाटकरी आयटीआय झालेला आहे. पावसाळ्यानंतर त्यानं एकदा चुकीचा व्हॉल्व्ह उघडला आणि घाबरून मला फोन केला. यंत्र बसवणारा म्हणून माझ्याकडं असलेल्या किल्लीनं मी त्याच्या ओळीखाली दुरुस्तीची ओळ लिहिली. तो खूश झाला आणि चहाच्या टपरीवर हे सगळ्यांना सांगत बसला.

रविवारी दुपारी मी घरी जेवायला बसलो होतो.

"खाली लिवता येतं म्हणं," आबा म्हणाले.

"काय?"

"पुसता येत न्हाई, पर खाली लिवता येतं. नव्या पाटकऱ्याचं तू लिवलंस."

"येतं."

"तुला तवा म्हाईत हुतं?"

"होय."

त्यांनी भात कालवला. मी हात धुऊन लॅपटॉप आणला. म्हणालो, "आत्ता लिहितो. कार्ड पाटकऱ्यानं लावलं, पण चेअरमनच्या सांगण्यावरनं. चौदाही पेट्यांत जाईल."

"कुणाच्या किल्लीनं लिवणार?"

"माझ्या."

"मग नगं. लोकं म्हणतील, बापानं पोराकडनं लिवून घेतलं. त्या दिशी बोलला असतास तर पाच-पन्नास माणसं ऐकत हुती." आईकडं बघून म्हणाले, "आमटी वाढ."

मी लॅपटॉप मिटला. सोमवारी दुसऱ्या गावात पेट्या बसवायच्या होत्या, सकाळी लवकर निघायचं होतं.