मोजून दिलेल्या सुया

अष्टमी गावात आमच्या शेजारच्या काकी जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवतात आणि निडी गावाच्या पलीकडच्या वाडीवरल्या लहान पोरांना देऊन येतात. दुपारी आम्ही दोघीतिघी त्यांच्या ओटीवर टाके घालायला बसतो. सुया त्या मोजून हातात देतात आणि उठताना मोजून घेतात. बोलतातही टाके घातल्यासारख्या, दोन शब्द की गप्प. "काकी, सुया काय सोन्याच्या हायत?" मी एकदा चिडवलं. त्या हसल्या नाहीत.

परवा जाड काठात माझी सुई मोडली. नेढ्याकडचा तुकडा हातात राहिला, टोक काही सापडेना. बोलणी कोण खाणार? मी गुपचूप घरून दुसरी सुई आणली आणि तीच परत केली. मोजणी बरोबर भरली. माझ्या हुशारीवर मी खूश होते.

आज सकाळी विरजण मागायला गेले, तर काकींच्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत लालभडक ओरखडा.

"हे कसं झालं?"

"गोधडी वाडीवर न्यायच्या आधी एक रात मी तिच्यात निजते. टोचायचं तर मला टोचू दे. पोरांची कातडी कवळी असते गो."

काकींनी कागदाची पुडी उघडली आणि सुईचं टोक माझ्या तळहातावर ठेवलं.

"तुझ्या कडेला होतं," त्या म्हणाल्या. रागावल्या नाय, काय नाय. सुयांची डबी तेवढी माझ्यापुढे सरकवली.

"आजपासून तू मोज."