वांग्याच्या काट्यावर भाची

मैत्रिणींनो, आज सकाळी बहिणीच्या मळ्यात गेली होती. मंगरूळपीरच्या बाजारासाठी वांगे मोजणं चालू होतं.

वांग्याचं कॅरेट उतरवून माझी भाची स्वतःच काट्यावर चढली. पोट आत ओढून आकडा पाह्यला, अन् आईनं देल्लेली भाकर तशीच वापस केली.

"काहून जेवत नाही वं?"

"मावशी, मले तुयासारखी कंबर पायजे. रीलमंदी आहे तशी."

बहीण म्हणे, "पंधरा दिवसांपासून अशीच करून राह्यली. तूच समजाव तिले."

रीलमधली ती कंबर मी ॲपमध्ये बारीक केली होती.

घरी येऊन ती रील काढून टाकली. पण पोट आत ओढून उभी असलेली पोरगी डोळ्यांसमोरून हालत नाही.

माझी प्रत्येक पोस्ट ती सगळ्यात पहिले पाह्यते. तोंडावर सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहिलं.

पोरी, आता तरी जेवशील?