न भरणारा खड्डा

आमच्या हॉस्पिटलमागचा खड्डा कधी भरायचा नाही, याचं डॉक्टरांना फार कौतुक होतं. हॉस्पिटल बांधताना लागलेले जांभ्याचे चिरे त्यांनी तिथेच, मागच्या चढावर काढले होते. चिरे गेले, खड्डा राहिला. मग रक्ताने भिजलेला कापूस, पट्ट्या, बाळंतपणाच्या खोलीतलं फिनेलचं धुवण, नव्यानेच आलेल्या प्लास्टिकच्या सिरिंजा, सगळं त्यात. कितीही पाऊस पडो, दुसऱ्या दिवशी पाणी गायब. "असो फोंड मागून मेळचो ना," ते म्हणायचे. फोंड म्हणजे खड्डा.

मी तिथली मोठी सिस्टर. मूळची पेडण्याची, नोकरीपायी डिचोलीच्या बाजूला भाड्याने राहणारी. डॉक्टर माणूस म्हणून फार चांगले. कोणी बोलावलं की जेवणाच्या ताटावरून उठायचे. म्हणूनच त्यांना काही सांगणं जड जायचं. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं.

उताराखाली चार-पाच घरांची एक विहीर होती. त्या पावसात तिच्या पाण्याला फिनेलचा वास यायला लागला. लोकांनी जवळच्या लोखंडाच्या खाणीला शिव्या घातल्या. शेतात गाळ आला, खाण. खोकला धरला, खाण. बहुतेक वेळा ते खरंही असायचं. पण खाणीचं पाणी लाल येतं, त्याला फिनेलचा वास कशाला येईल? चिऱ्यात पाणी मुरतं आणि खालच्या अंगाला निघतं, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी वर आमच्याकडे कोणी बघेना. हॉस्पिटल म्हणजे स्वच्छ, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

मी डॉक्टरांना सांगितलं.

"सिस्टर, तें खाणीचें उदक. आमचेर कित्याक घेतात?"

पुन्हा सांगितलं तेव्हा ते चिडले नाहीत, नुसते डोळे चोळत बसले. "बरें, हें सगळें उडोवं खंय? रस्त्यार?" टाकायला दुसरी जागा खरंच नव्हती.

मग विहिरीसाठी देवळात बैठक भरली. सरकारकडे अर्ज करायचं ठरलं. तेव्हा गोव्यात राजभाषेचं आंदोलन पेटलेलं. अर्ज मराठीत की कोकणीत, यावर लोक असे हमरीतुमरीवर आले की विहीर बाजूलाच राहिली. मी बोलायला उठले, कोणी बघितलं नाही, बसले. घरी आले आणि चूल न पेटवताच आडवी झाले. इतका कंटाळा मला कामाने कधी आला नव्हता.

त्या विहिरीजवळच्या घरात सावंतवाडीकडची एक बाई राहायची. नवरा खाणीच्या ट्रकवर. ती आमच्याकडेच बाळंत झाली, पहिला मुलगा. घरी जाताना मी तिला खड्ड्याचं सगळं सांगितलं, विहिरीचं पाणी पिऊ नको, बाळाला तर नकोच, म्हणून बजावलं. तिने ऐकून घेतलं. "डाक्टर काय म्हणतत?" तिने विचारलं. डॉक्टर तर खाणीचंच पाणी म्हणत होते. मग माझ्या सांगण्याला कोण विचारतो?

बाळाच्या बाराव्या दिवशी तिने रिवाजाप्रमाणे विहीर पूजली. डॉक्टरांना आणि मला बोलावणं होतं. तिने काठावर हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला, कळशी भरून काढली. पहिल्या कळशीचं पाणी आलेल्या मोठ्या माणसाला द्यायचं, अशी तिच्या माहेरची रीत. पेला घेऊन ती डॉक्टरांपुढे आली. त्यांनी तो तोंडाजवळ नेला आणि थांबले. वास त्यांनाही आला. मला वाटलं, आता पितील. चार लोकांसमोर माणूस लाजेखातर काहीही पितो.

त्यांनी पेला खाली ठेवला. "हें उदक कोणूच पियेनाकात," ते म्हणाले. "खाणीचें न्हय हें. म्हज्या फोंडांतलें."

ती ओरडली नाही. मुलाला तिने एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "तुमची बाव त्या खड्ड्याच्या वयर आसा, नाय ओ डाक्टर?"

"हय," डॉक्टर म्हणाले. आमची विहीर खरंच वरच्या अंगाला होती.

दुसऱ्या दिवशी खड्डा उपसायला माणसं लागली. आमच्या विहिरीवरून खालच्या घरांना नळ गेला. काय जाळायचं, काय पुरायचं, काय उकळून पुन्हा वापरायचं, ते डॉक्टर स्वतः उभे राहून वेगळं करून घ्यायला लागले. पुढे, गोवा घटक राज्य झाल्यावर, आरोग्य आणि पर्यावरण यांवरच्या कितीतरी बैठकांना मी बसले. चहा व्हायचा, ठराव व्हायचे. पण "म्हज्या फोंडांतलें" असं म्हणणारा मोठा माणूस मला तिथे भेटला नाही.

ती बाई मात्र आमचा चढ पुन्हा चढली नाही. मुलाला टोचून घ्यायला दुसरीकडे न्यायची. दुसऱ्या बाळंतपणाला ती सावंतवाडीला गेली. डॉक्टर अधूनमधून विचारायचे, ती आली होती का. मी नाही म्हणायचे, आणि ते पुढच्या पेशंटला आत बोलवायचे.